डॉसवरील देवनागरी
यवतमाळसारख्या मराठीतून कारभार चालणाऱ्या जिल्ह्याला डॉस, म्हणजे टंकलेल्या आज्ञांवर चालणारी संगणकप्रणाली, रोमन लिपीमुळे अपुरी पडत होती. ही उणीव पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) प्रसारित केलेल्या जिस्ट कार्डाने, म्हणजे संगणकाच्या खाचेत बसवायच्या जोडपट्टीने, मोठ्या कौशल्याने भरून काढली. तिच्यामुळे माहितीसाठा ठेवणाऱ्या डीबेससारख्या तयार इंग्रजी सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी नोंदी करता येत. या नोंदी १९९१ साली प्रमाणित झालेल्या इस्की संकेतावलीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक देणाऱ्या पद्धतीत, साठत आणि १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर मावत. कार्डाविना या नोंदींच्या धारिका असंबद्ध चिन्हांच्या दिसतात, पण मजकूर नष्ट झालेला नसतो. फ्लॉपीवरील चुंबकीय लेप मात्र झिजतो, म्हणून कार्यालयांनी जुन्या फ्लॉप्यांची प्रत आधी काढावी आणि युनिकोड या आजच्या संकेतावलीत रूपांतर नंतर करावे.