ऐका आणि जसंच्या तसं म्हणा

मौद्याची बारावी झालेली, पदवी घेतलेली पोरं भंडारा रोडनं नागपूरला एखाद्या कॉल सेंटरच्या वॉक-इनला जातात, तेव्हा साहेबाच्या आधी त्यांची गाठ हेडफोनशी पडते. कानात एक इंग्रजी वाक्य येतं, ते जसंच्या तसं परत म्हणायचं. मग दुसरं, जरा लांब. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या तोंडी तर ‘रिपीट सेंटेन्स’ हा शब्द उठता-बसता असतो. बाहेर आल्यावर कुरकुर ठरलेली: ही तर पोपटपंची, यात आमचं इंग्रजी कुठं दिसलं? कुरकुर रास्त वाटते, पण या चाचणीचा शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास पाहिला की ती अर्धीच खरी ठरते.

सुरुवात भाषेपासून झालीच नाही. १९०५ मध्ये पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी मुलांची बुद्धी मोजायच्या चाचण्या बांधल्या, त्यात वाक्य ऐकून परत म्हणणं हा एक प्रश्न होता. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांच्या चाचणीत त्याची वयाची मोजपट्टी अशी होती: सहाव्या वर्षी सोळा ते अठरा अक्षरांचं वाक्य मुलाला म्हणता आलं पाहिजे. पुढे मुंबई इलाख्यात, धारवाडला, व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचण्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवल्या. १९४० मध्ये त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. या सगळ्यांना मोजायची होती ती बुद्धी. भाषा केवळ वाहन होती.

आता पोपटपंचीचा मुद्दा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवलं की माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी सातेक गोष्टी मावतात. मात्र त्या गोष्टींच्या गाठी बांधता आल्या, तर पुष्कळ जास्त मावतं. वाक्य त्या मर्यादेहून लांब झालं की नुसता आवाज डोक्यात ठेवून भागत नाही. ऐकणारा अर्थ पकडतो आणि वाक्य आपल्याजवळच्या व्याकरणानं नव्यानं रचतो. भाषा ज्याच्या अंगात मुरली आहे तो ते बिनचूक रचतो. बाकीचे कुठं घसरतात, यावरूनच त्यांची पायरी कळते.

मराठीत करून पाहा. ‘काल बाजारातून आणलेल्या मिरच्या आईनं अजून वाळत घातल्या नाहीत.’ मौद्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळे इथं बाहेरच्या राज्यांतली कुटुंबं आली. त्यातल्या हिंदी बोलणाऱ्या घरातल्या, मराठी शिकू लागलेल्या मुलाला हे वाक्य ऐकवलं, तर ‘काल बाजारातून आणलेली मिरची आईनं अजून सुकवली नाही’ असं काहीसं परत येऊ शकतं. अर्थ शाबूत, पण ‘आणलेल्या’ आणि ‘घातल्या’ ही अनेकवचनी रूपं गेली, ‘वाळत घालणं’ निसटलं. त्याला मराठी कळतं, पण बोलायला अजून हाताशी नाही, हे एका वाक्यात दिसलं. तासभर गप्पा मारल्या असत्या, तर त्यानं अडचणीची रूपं शिताफीनं टाळली असती.

आणि इथलंच घरचं पोर? ते ‘आईनं’च्या जागी ‘मायनं’ म्हणेल. त्याचे मार्क कापायचे? भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांच्या गटाला १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हेच आढळलं होतं. प्रमाण इंग्रजीतलं वाक्य ऐकवलं की तिथली कृष्णवर्णीय मुलं अर्थ नेमका धरत आणि वाक्य आपल्या बोलीत परत करत. त्यांना भाषा येत नव्हती असं कोण म्हणेल? बोलीचा फरक आणि शिकणाऱ्याची चूक यांत भेद करणं हे तपासणाऱ्याचं काम आहे. माझ्या मते या चाचणीतली खरी जोखीम इथंच आहे, कारण तो भेद न कळणाऱ्याच्या हातात ती गेली, तर पूर्व विदर्भातलं पोर स्वतःच्या मातृभाषेत नापास होईल.

दुसऱ्या भाषेच्या अभ्यासात ही रीत १९७० च्या दशकात आली. कॅनडात नील नायमन यांनी फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांवर ती वापरली. त्याच काळात आपल्याकडच्या इंग्रजीच्या तासाला गुरुजी वाक्य म्हणत आणि वर्ग सुरात परत म्हणे. दिसायला दोन्ही एकच. पण तेच वाक्य दहादा घोकणं वेगळं आणि कधी न ऐकलेलं वाक्य एकदाच ऐकून परत म्हणणं वेगळं. पहिलं खरोखर पोपटपंची होऊ शकतं.

आक्षेपही लवकरच आले. बर्कलेचे डॅन स्लोबिन आणि चार्ल्स वेल्श यांनी दोन-अडीच वर्षांच्या एका मुलीचा अभ्यास केला होता. ती स्वतःहून लांब वाक्यं बोले, पण तिचंच वाक्य काही वेळानं तिला परत म्हणायला सांगितलं की मोडकंतोडकं येई. बोलण्यामागची गरज गेली की वाक्याचा आधार जातो. मोठ्यांच्या बाबतीतही हे थोडंफार खरं आहे.

तरी रीत टिकली, कारण तिची मांडणी सुधारत गेली. २००२ मध्ये लुर्देस ओर्तेगा आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी, जर्मन, जपानी, स्पॅनिश या चार भाषांतल्या चाचण्यांचा अभ्यास मांडला: चढत्या लांबीची तीस वाक्यं, प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण एकशे वीस. वाक्य संपल्यावर थोडी शांतता आणि मग बोलायचं, म्हणजे कानातला आवाज विरतो. न्यूझीलंडच्या रोझमेरी अर्लम यांनी २००६ मध्ये मुद्दाम काही चुकीची वाक्यं घातली. आधी वाक्यातलं म्हणणं पटतं का ते सांगा, मग ते नीट इंग्रजीत म्हणा. भाषा पक्की असलेले चूक नकळत दुरुस्त करून म्हणत. पोपट असं करत नाही.

यंत्राची गोष्ट १९९६ ची. जॅरेड बर्नस्टीन यांच्या ऑर्डिनेट कंपनीनं टेलिफोनवरून इंग्रजी बोलणं तपासायची चाचणी काढली, तीच पुढे ‘व्हर्संट’ झाली, पीअर्सन या कंपनीकडे गेली आणि भारतातल्या कॉल सेंटरांच्या भरतीत शिरली. २००९ मध्ये पीअर्सनचीच पीटीई आली. तिथं तीन ते नऊ सेकंदांचं वाक्य एकदाच ऐकवतात. काय म्हटलं जाणार हे यंत्राला आधीच माहीत असतं, म्हणून त्याला तपासणं सोपं जातं. हा प्रश्न लोकप्रिय झाला त्यामागं भाषाशास्त्र अर्धं आणि ही सोय अर्धी.

महाराष्ट्रानं २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आणलं, पण बोलणं मोजायचं कसं, हे शेवटपर्यंत जमलं नाही. दहावीच्या भाषा विषयांतले तोंडीचे वीस गुण शाळेच्या हाती होते. ते खिरापतीसारखे वाटले जातात अशी ओरड झाली. २०१८-१९ पासून ते काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले. बोलण्याच्या परीक्षेत सुधारणा मात्र कुणी मागितली नाही.

मराठीचंही तसंच. २०१६ मध्ये रिक्षा परवान्यासाठी मराठी येणं सक्तीचं केलं, आरटीओत उमेदवारांना उतारे वाचायला दिले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. कायद्याचा भाग सोडला, तरी वाचून घेतल्यानं बोलता येतं का हे कळत नाही, हा साधा मुद्दा कुणाला सुचला नाही. २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आता तरी तो मुद्दा सुचावा.

माझं मत असं: नोकरी किंवा व्हिसा या एका चाचणीवर टांगू नये. संवाद, समजूत, विनोद, भांडण यातलं काही ती मोजत नाही. वर्गात मात्र ती मुलाखतीहून न्याय्य आहे. सगळ्यांना तीच वाक्यं, आणि लाजरं पोरही मागं राहत नाही.

मौदा तालुक्यातल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. वीस वाक्यं लिहा, आपल्या परिसरातली, आखूड आधी आणि लांब नंतर. मोबाइलवर एकदाच ऐकवा, दोन सेकंद थांबा, मग मुलाचं रेकॉर्ड करा. शून्य ते चार गुण द्या, ‘माय’ला एकही कापू नका, आणि जूनमधलं रेकॉर्डिंग पुढच्या मार्चपर्यंत पुसू नका.