इंग्रजीची प्रवेशपरीक्षा : काही प्रवाद आणि वस्तुस्थिती

नागपूरच्या नंदनवन वस्तीत 'गेट' या प्रवेशपरीक्षेचे नाव कानी पडले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अभियंता उभा राहतो, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. कारण कर्मवीर दादासाहेब कन्नमवार यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ सालापासून याच वस्तीत, ग्रेट नाग रोडच्या कडेला नांदत असून, त्याच्या आसऱ्याने वाढलेल्या खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि अभ्यासिका या सर्वांचा दिनक्रम गेली चाळीस वर्षे यंत्र, विद्युत् आणि स्थापत्य या शास्त्रांच्या तालावर चालत आला आहे. अशा वस्तीत इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. करणाऱ्या एखाद्या मुलीने 'मी गेटला बसणार' असे घरी सांगितले, तर वडीलधारी माणसे प्रथम चकित होतात आणि नंतर तिची समजूत घालू लागतात. वास्तविक समजूत घालून घेण्याची पाळी त्यांची असते. २०२१ सालापासून गेट परीक्षेत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका समाविष्ट झाली असून, अर्थशास्त्र, इंग्रजी, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांपैकी एक विषय उमेदवाराने निवडावयाचा असतो. आणि कला शाखेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात असलेला विद्यार्थीही या परीक्षेस बसण्यास पात्र आहे.

या प्रश्नपत्रिकेची घडण नीट न पाहिल्यामुळे दुसरा एक प्रवाद निर्माण झाला आहे, तो असा की इंग्रजीची परीक्षा म्हणजे सर्वस्वी साहित्याची परीक्षा. तीन तासांत पासष्ट प्रश्न सोडवावयाचे व त्यांचे गुण शंभर, हे खरे. परंतु या शंभरांपैकी पंधरा गुण सामान्य क्षमता-चाचणीचे असून तीत भाषेबरोबर अंकगणितही येते, पंचवीस गुण तर्क आणि आकलन या सर्वांना सक्तीच्या विभागाचे आहेत, आणि खुद्द इंग्रजी वाङ्मयाच्या वाट्याला उरतात ते साठ. म्हणजे ज्याने शेकडेवारी, गुणोत्तर आणि आलेख यांना बारावीनंतर कायमचा रामराम ठोकला आहे, तो वर्ड्‌स्वर्थ व कोलरिज यांच्यात कितीही रंगून गेला असला, तरी पुष्कळ गुण हाताने सोडून येतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना गणिताचा जो तिटकारा असतो, त्याला काही जण रसिकतेचे लक्षण मानतात. परीक्षा घेणाऱ्यांचे मत तसे दिसत नाही.

केंद्रीय विद्यापीठांतील एम.ए.च्या प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, २०२२ सालापासून जी सामाईक परीक्षा घेते, त्या सीयूईटी-पीजीविषयी तर गैरसमजांचे पीकच आले आहे. त्यांतला एक भाषेच्या माध्यमाचा. बारावीनंतरची सीयूईटी तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे. तेव्हा पदव्युत्तर परीक्षाही मराठीतून देता येईल, असा तर्क अनेकांनी केला आहे. हा तर्क चुकीचा आहे. पदव्युत्तर परीक्षेत बहुतेक विषयांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत निघतात आणि इंग्रजी विषयाची अर्थातच इंग्रजीत. गेटची तर संपूर्ण प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. दुसरा गैरसमज जुन्या मार्गदर्शक पुस्तकांनी पोसलेला आहे. प्रारंभीच्या दोन वर्षांत या परीक्षेत शंभर प्रश्न व दोन तासांची मुदत होती. २०२४ साली प्रश्न पंचाहत्तर आणि मुदत एकशे पाच मिनिटांची झाली, व २०२५ साली प्रश्न तितकेच राहून मुदत नव्वद मिनिटांवर आली. ज्या विद्यार्थ्याने थोरल्या भावंडाच्या पुस्तकावरून घड्याळ लावून सराव केला, त्याचा सराव वेगळ्याच परीक्षेचा झाला. प्रतिवर्षी निघणारे माहितीपत्रक हाच या बाबतीत एकमेव विश्वसनीय दस्तऐवज होय, आणि विद्यार्थी नेमका तोच वाचीत नाहीत.

परंतु या सर्वांहून अधिक खोल रुजलेला, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अधिक छळणारा, जो प्रवाद आहे तो इंग्रजीच्या धाकाचा. परीक्षा इंग्रजीची, तेव्हा इंग्रजी अस्खलित बोलता आले पाहिजे, भारदस्त लिहिता आले पाहिजे, आणि शब्दकोशातले अवघड शब्द जिभेवर खेळले पाहिजेत, अशी ही समजूत आहे. आणि तिची पाळेमुळे फार मागे जातात. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ साली निघाले, तेव्हा नागपूरला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. प्रथम कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद या विद्यापीठांच्या परीक्षा येथील विद्यार्थी देत असत, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठाची स्थापना होईपर्यंत हाच शिरस्ता चालू होता. दूरच्या नगरातील अपरिचित परीक्षकापुढे आपली विद्वत्ता सिद्ध करण्याचे एकच साधन त्या काळच्या विद्यार्थ्याच्या हाती होते, ते म्हणजे निबंध. आणि म्हणून वाक्याचा डौल, अवतरणांची पखरण आणि शब्दांची श्रीमंती यांना जे महत्त्व आले, ते परीक्षेचे स्वरूप पालटून गेल्यावरही कुटुंबांच्या स्मृतीत तसेच टिकून राहिले. आजच्या सीयूईटी-पीजीत किंवा गेटमध्ये एक ओळही लिहावयाची नसते. संगणकाच्या पडद्यावर उतारा किंवा प्रश्न येतो, त्याखाली पर्याय येतात, आणि त्यांतून योग्य तो निवडावयाचा असतो. उच्चार कोणी ऐकत नाही, हस्ताक्षर कोणी पाहत नाही. येथे कस लागतो तो वाचनाचा: समोरच्या परिच्छेदात लेखक नेमके काय म्हणतो, काय सूचित करतो आणि काय म्हणत नाही, हे घड्याळाच्या काट्यावर ओळखता येते की नाही, याचा.

शब्द पाठ करण्याच्या खटाटोपाला जी प्रतिष्ठा आहे, ती मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांसाठी द्यावयाच्या जीआरई परीक्षेने दिलेली आहे; आणि येथे तर वस्तुस्थिती अधिकच बदललेली आहे. विरुद्धार्थी शब्द व शब्दांची सादृश्ये विचारणारे प्रश्न, ज्यांच्यासाठी हजारो शब्दांच्या याद्या घोकल्या जात, ते २०११ च्या ऑगस्टमध्येच त्या परीक्षेतून वगळण्यात आले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्या याद्यांची पुस्तके मात्र अद्याप विकली जातात आणि भाविकतेने विकत घेतलीही जातात. आज त्या परीक्षेतला भाषाविभाग सत्तावीस प्रश्नांचा असून तो एक्केचाळीस मिनिटांत पुरा करावयाचा असतो, आणि वाक्यातील रिकामी जागा संदर्भावरून भरणे व उतारे समजून घेणे यांवर त्याचा भर आहे. इंग्रजी वाङ्मयाची म्हणून जीआरईची जी स्वतंत्र विषय-परीक्षा होती, ती २०२१ च्या एप्रिलनंतर बंद झाली. तिची तयारी करीत बसलेले विद्यार्थी अजून भेटतात, म्हणून हा उल्लेख. शब्दसंग्रह निरुपयोगी आहे असे येथे सुचवावयाचे नाही. पण वाक्यात भेटलेला शब्द आणि यादीत भेटलेला शब्द यांची ओळख सारखी टिकत नाही, हे कोणत्याही भाषेच्या वाचकाला अनुभवाने ठाऊक असते.

आता मराठीकडे वळू. 'या वर्षभर मराठी पुस्तकाला हात लावू नको' असा हुकूम अनेक घरांतून सुटतो, आणि तो सद्भावनेने सुटत असला तरी त्यासारखा घातक सल्ला दुसरा नाही. गेटच्या इंग्रजी विभागाचा भर दीर्घ एकोणिसाव्या व विसाव्या शतकांवर आहे, आणि त्यात भारतीय उपखंडातील इंग्रजी व इंग्रजीत अनुवादित झालेल्या वाङ्मयाला स्थान आहे. हे वाङ्मय मराठी विद्यार्थ्याच्या अंगणातले आहे. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' हे इंग्रजी काव्य १९७६ साली पुस्तकरूपाने निघाले व पुढच्याच वर्षी त्यास राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्यातील श्रद्धा आणि संशय यांच्यातला तणाव समजून घेण्यासाठी खंडोबा कोण हे ज्याला तळटीपेतून शिकावे लागते, आणि ज्याच्या घरी तळी भरली जाते, त्या दोघांत पुढे कोण आहे हे सांगावयास नको. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' इंग्रजी अनुवादातून देशभर अभ्यासले जाते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' ही आत्मकथने माया पंडित यांच्या अनुवादांतून इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत पोचली आहेत, आणि शरणकुमार लिंबाळे यांचे दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावरील विवेचन समीक्षेच्या वर्गात शिकविले जाते. खुद्द नागपूरच्या कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' या पुस्तकात आपल्या संस्कृत-अध्ययनाची जी कथा सांगितली, ती अर्जुन डांगळे यांनी संपादिलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' या १९९२ च्या संग्रहातून इंग्रजी वाचकांपुढे गेली. दलित स्त्रीने संस्कृत शिकणे आणि नंतर ते शिकविण्याची नोकरी मागणे या दोन गोष्टींमध्ये समाजाने किती भिंती उभ्या केल्या होत्या, हे ज्याने त्या मराठी पुस्तकात वाचले आहे, त्याला इंग्रजी उताऱ्यावरील प्रश्न परका वाटणार नाही.

समीक्षेच्या बाबतीतही हेच. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी 'अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' मराठीत आणले, शेक्सपिअरचा 'राजा लिअर' आणला. आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकविणाऱ्या रा. भा. पाटणकरांनी कांटच्या सौंदर्यविचाराची जी चिकित्सा 'सौंदर्यमीमांसा' या ग्रंथात केली, ती वाचून कांट समजलेल्या विद्यार्थ्याला बाजारातील सारांश-पुस्तिकांची गरज क्वचितच भासेल. संकल्पना प्रथम मायबोलीत पक्की करावी आणि मग तिची इंग्रजी संज्ञा व मूळ इंग्रजी विवेचन आत्मसात करावे, हा क्रम धरण्यात कमीपणा यत्किंचितही नाही. मात्र दुसरी पायरी गाळून चालत नाही. पर्याय इंग्रजीतच असतात, आणि कल्पना ओळखीची असूनही संज्ञा अनोळखी राहिल्यामुळे गुण गमावणारे पुष्कळ आहेत.

इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास म्हणजे चॉसरपासून आरंभ करून सनावळी पाठ करीत खाली उतरणे, ही आणखी एक रूढ कल्पना. एनटीएच्या प्रश्नपत्रिकांत जोड्या लावण्याचे व कालानुक्रम ठरविण्याचे प्रश्न येतात, तेव्हा सनावळी अगदीच टाकाऊ नाही. पण तेवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्याची न वाचलेल्या कवितेपुढे गाळण उडते.

ऋण-गुणांविषयी जो गोंधळ आहे, तो थोडे गणित केल्यास सहज निवळतो, आणि ते गणित प्रत्येक उमेदवाराने परीक्षेपूर्वी एकदा स्वतः करून पाहावे. सीयूईटी-पीजीत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकलेल्यास एक गुण कापला जातो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने एक वेळ चार मिळतात आणि तीन वेळा एकेक जातो. म्हणजे चार प्रश्नांमागे एक गुण पदरात राहतो. दोन पर्याय निश्चितपणे चूक आहेत हे कळले, तर दर प्रश्नामागे सरासरी दीड गुणाचा लाभ होतो. तेव्हा 'पक्के ठाऊक नसेल तर स्पर्शही करू नये' हा जो उपदेश वडीलकीच्या नात्याने केला जातो, तो या परीक्षेस लागू पडत नाही. गेटमध्ये हिशेब निराळा आहे: एका गुणाच्या प्रश्नास चुकल्यास एक-तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नास दोन-तृतीयांश गुण वजा होतात, म्हणून चार पर्यायांतून अंदाजपंचे उत्तर देण्याचे सरासरी फळ बरोबर शून्य येते, आणि एक जरी पर्याय विचारपूर्वक बाद करता आला, तरी तराजू उमेदवाराच्या बाजूला झुकतो. शिवाय ज्या प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, किंवा ज्यांचे उत्तर आकड्यात द्यावयाचे असते, त्यांना ऋण-गुण मुळीच नाहीत. ते रिकामे सोडणे हा शुद्ध तोटा होय. मात्र बहुपर्यायी उत्तरांत सर्व बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, अर्धवट उत्तराला अर्धवट श्रेय नाही. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी जी नेट परीक्षा असते, तीत तर ऋण-गुणच नाहीत. आणि तीन परीक्षांचे तीन नियम एकमेकांत मिसळून अभ्यासिकांतून जी सरमिसळ प्रसृत होते, तिच्यामुळे किती गुण वाया जातात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

या परीक्षांवाचून एम.ए.च होता येत नाही, असाही एक समज आहे. नागपूर विद्यापीठाच्या एम.ए.चा प्रवेश साधारणतः पदवीच्या गुणांवर होतो. सीयूईटी-पीजीचे प्रयोजन मुख्यतः दिल्ली, हैदराबाद, बनारस यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी. प्रत्येक विद्यापीठ आपली पात्रता स्वतः ठरविते, आणि पदवीला इंग्रजी विषय नसलेल्या विद्यार्थ्यालाही काही ठिकाणी वाव असतो, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून निराश न होता त्या त्या विद्यापीठाची नियमावली वाचून खातरजमा करावी. गेटचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जातात व आयआयटींतील मानव्यविद्या विभागांच्या पीएच.डी.साठी त्यांचा उपयोग होतो.

राहता राहिला निकालाविषयीचा प्रवाद: संगणकाने दिलेला निर्णय अंतिम, त्यावर दाद नाही. हे खरे नव्हे. गेट आणि सीयूईटी-पीजी या दोन्ही परीक्षांत उत्तरसूची आधी तात्पुरती म्हणून प्रसिद्ध होते, उमेदवाराला स्वतःचे उत्तरपत्रक पाहावयास मिळते, आणि एखाद्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर चुकीचे वाटल्यास प्रत्येक प्रश्नामागे ठरावीक शुल्क भरून हरकत नोंदविता येते. वाङ्मयाच्या विषयात अशा हरकतींना बराच आधार असू शकतो, कारण एकाच ओळीचे दोन अर्थ संभवतात व प्रश्नकर्ता काही वेळा त्यांतला एकच पाहतो. परंतु हरकतीसोबत मूळ ग्रंथातील संबंधित पानाचा पुरावा जोडावा लागतो, आणि मुदत अवघ्या काही दिवसांची असल्याने, ज्याने अभ्यास मूळ ग्रंथांवरून केला आहे त्यालाच तो वेळेत सापडतो.