धापेचा हिशोब

शहाडच्या उड्डाणपुलाच्या चढावर ट्रक आणि सायकलस्वार, दोघांनाही एकाच वेळी धाप लागते. भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये वर चढतो तेव्हा सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त डिझेल जाळतो. नेमका तिथेच त्याच्यामागचा सायकलवाला सगळ्यात खोल श्वास घेत असतो. टिटवाळ्याहून कल्याणकडे सायकलने येणाऱ्यांच्या फुप्फुसात काय जातं, ते अशा मोजक्या जागांवर ठरतं.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जरा जोरात पेडल मारलं की हाच आकडा ३०-४० लिटरवर जातो. बेल्जियममधल्या संशोधकांनी त्याच माणसांना त्याच रस्त्यांवरून मोटारीने आणि सायकलने फिरवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सायकलवर आत जाणारी हवा मोटारीतल्यापेक्षा चौपटीहून जास्त निघाली. शिवाय दमलं की आपण तोंडाने श्वास घेतो आणि नाकाची गाळणी बाजूलाच राहते.

रस्त्याकडेची उडणारी माती डोळ्यांना दिसते, म्हणून सगळा राग तिच्यावर. पण तिचा मोठा भाग नाका-घशातच अडकतो. जास्त धास्ती न दिसणाऱ्या कणांची. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि डिझेलच्या धुरात तर ०.१ मायक्रॉनहूनही बारीक कण असतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांना व्यायामाच्या सायकलवर बसवून विरळ केलेला डिझेलचा धूर दिला गेला. स्वच्छ हवेच्या तुलनेत त्यांच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण जास्त ठळक उमटली. रक्ताची गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमताही मंदावली.

मग सायकल सोडायची का? मुळीच नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये व्यायामाचा फायदा आणि प्रदूषणाचा तोटा समोरासमोर मांडला. हवेत पीएम २.५ सतत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तरी रोज दीड तास सायकल चालवल्यावरच तोटा फायद्याला मागे टाकतो. (आपल्याकडची वर्षभराच्या सरासरीची मर्यादा ४० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त ५.) मात्र हे गणित सर्वसाधारण लोकसंख्येच्या सरासरीचं आहे. दमेकऱ्याने आणि हृदयरुग्णाने ते स्वतःला लावून बघू नये.

‘पहाटेची हवा शुद्ध’ यावरही डोळे झाकून विसंबू नका. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण येतं आणि रात्रभराचा धूर खालीच कोंडतो. ऊन चढल्यावर तो मोकळा होतो. पहाटे गाड्या कमी, हा फायदा खराच. पण धुरकट सकाळी शर्यतीचा वेग कशाला? खडकपाड्याच्या हवामापन केंद्राचा आकडा जरूर बघावा, मात्र तो परिसराच्या हवेचा असतो, ट्रकच्या मागच्या हवेचा नव्हे.

धुराड्यापासूनचं अंतर इथे मोठं काम करतं. लॉस एंजेलिसच्या महामार्गालगत घेतलेल्या मोजण्यांत अतिसूक्ष्म कणांची संख्या ३०० मीटरवर आसपासच्या हवेइतकी उतरलेली दिसली. हौसेने सायकल चालवणाऱ्या टिटवाळकरांना गोवेली-रायत्याकडचे गावातले रस्ते मोकळे आहेत. मुरबाड रस्त्याला लागलात की पुन्हा ट्रक. अंगारकीला गणपती मंदिराकडची गर्दीची वाट टाळलेलीच बरी. चढावर ट्रकला पुढे जाऊ द्या, सिग्नलला मागे थांबा. एन-९५ मास्क नीट बसला तर कण अडवतो, वायू नाही. रुमालाचा उपयोग त्याहून बराच कमी.

पण दुधाचे कॅन लावून किंवा पेपरची लाइन टाकायला निघालेल्याला यातलं काय निवडता येतं? त्याची वेळ आणि वाट गिऱ्हाइकाने ठरवलेली. त्याच्यासाठी उपाय एकच, गाड्यांपासून वेगळी काढलेली सायकलची वाट. ती महापालिकेने द्यायची आहे आणि मागायची मात्र आपण सगळ्यांनी आहे.