पुन्हां पाहावे असे बोलपट

एखादा बोलपट आपण एकदां पाहिलेला असतो. त्याची कथा आपल्याला ठाऊक असते, शेवट कसा व्हावयाचा तेंहि ठाऊक असतें. आणि तरीहि तोच बोलपट पुन्हां लागला म्हणजे आपली पावलें तिकडे वळतात. ज्या गोष्टीचें रहस्य उलगडलेलें आहे तिच्यासाठीं दोन-अडीच तास पुन्हां कां खर्चावे, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील, आणि त्याचा प्रश्न वाजवी आहे. आवडतें गाणें आपण शंभर वेळां ऐकतों. परंतु गाण्याला चार मिनिटें पुरतात, बोलपट अख्खी संध्याकाळ मागतो. तेव्हां कोणता बोलपट ही मागणी दुसऱ्यांदां करण्यास पात्र आहे, ह्याची कांहीं कसोटी सांपडते काय, ह्याचा आज आपण विचार करूं.

मला एक साधी कसोटी सुचते. पहिल्या खेपेस आपण कथेच्या मागें धांवत असतों. पुढें काय होणार ह्या उत्कंठेनें आपलें लक्ष नायकावर किंवा नायिकेवर खिळलेलें असतें. दुसऱ्या खेपेस ती उत्कंठा शमलेली असते, दृष्टि मोकळी होते आणि पडद्यावर दुसराच एखादा माणूस दिसूं लागतो. तो पहिल्या वेळींहि तेथेंच होता, पण त्याच्याकडे पाहण्यास आपल्याला सवड झाली नव्हती. ज्या बोलपटांत असा दुसरा माणूस आपली वाट पाहत उभा असतो, तो पुन्हां पाहावा. ज्यांत नसतो, तो एकदां पाहून विसरला तरी चालेल.

ही कसोटी लावून पाहण्यासाठीं मी ‘प्रभात’ चित्रसंस्थेचे तीन बोलपट निवडले आहेत. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुळकर्णी ह्या पांच जणांनीं १९२९ सालीं कोल्हापुरांत ही संस्था उभारली आणि १९३३ सालीं ती पुण्यास आणली. १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट ह्याच संस्थेचा. परंतु पहिलेपणाचा मान ही निराळी गोष्ट, आणि पुन्हां पाहण्याची ओढ ही निराळी.

पहिला बोलपट दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला, १९३६ सालचा ‘संत तुकाराम’. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम पाहून लोकांनीं चित्रगृहांत हात जोडले. १९३७ सालीं व्हेनिस येथील चित्रपटमहोत्सवांत ह्या चित्राचा गौरव झाला. त्यांतील शांताराम आठवले यांनीं नव्यानें रचलेलें एक पद तर इतकें एकजीव झालें कीं, पुष्कळांना तें तुकोबांचाच अभंग वाटलें.

मीं हें चित्र प्रथम पाहिलें तें लहानपणीं, आजीच्या शेजारीं बसून. तुकोबांना नेण्यासाठीं आकाशांतून गरुड येतो, तेव्हां मी डोळे विस्फारून पाहत होतों. खेळ संपल्यावर आजी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “तो गेला वैकुंठाला. उद्यां सकाळीं मुलांना काय घालायचं तें आतां तिनंच बघायचं.” ती कोणाविषयीं बोलत आहे, हेंसुद्धां मला क्षणभर कळलें नाहीं.

ती बोलत होती जिजाईविषयीं. पुढें अनेक वर्षांनीं तेंच चित्र पुन्हां पाहिलें, तेव्हां गौरी ह्या नटीनें उभी केलेली ती जिजाई मला प्रथमच दिसली. ती म्हैस धुते, मुलांना सांभाळते, नवऱ्यावर चिडते, आणि त्याच नवऱ्यासाठीं भाकरी घेऊन रानांत जाते. मूल आजारी पडतें तेव्हां पायांतील वहाण हातांत घेऊन ती विठोबालाच जाब विचारावयास देवळांत शिरते. शिवाजीमहाराजांकडून नजराणा येतो, तेव्हां तिच्या तोंडावरचा आनंद लपत नाहीं. आणि तुकोबा तो नजराणा परत पाठवितात. पहिल्या वेळीं आपल्याला तेथें संताचें वैराग्य दिसतें. दुसऱ्या वेळीं त्या वैराग्याची किंमत कोणीं मोजली, तें दिसतें. दिग्दर्शकांनीं जिजाईला कजाग बायको म्हणून हास्यास्पद केलेली नाहीं. तुकोबांचें मोठेपणहि रेसभर कमी केलेलें नाहीं. दोन्ही खरें आहे असें हें चित्र म्हणतें, आणि म्हणूनच तें एका वेळीं पाहून संपत नाहीं.

दुसरा बोलपट शांतारामांचा ‘कुंकू’, १९३७ सालचा. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून तो घेतला आहे. पोरकी नीरा फसवणुकीनें काकासाहेब नांवाच्या वृद्ध वकिलाच्या गळ्यांत बांधली जाते, आणि त्याला पति मानण्याचें ती साफ नाकारते. शांता आपटे यांची नीरा इतकी तेजस्वी आहे कीं, पहिल्या वेळीं आपण सर्वस्वी तिच्या बाजूचे असतों. आणि तसें असणें योग्यच आहे.

दुसऱ्या वेळीं मात्र आपले डोळे केशवराव दाते यांच्या काकासाहेबांकडे वळतात. ह्या चित्राला पार्श्वसंगीत दिलेलेंच नाहीं. आतां रडा, आतां घाबरा, असें कोणतेंहि वाद्य आपल्याला सुचवीत नाहीं. घरांतले नि रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकूं येतात. त्या शांततेंत एका म्हाताऱ्या माणसाला आपला अपराध हळूहळू उमगत जातो. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांतून त्याचींच प्रतिबिंबें त्याला हंसूं लागतात. अखेरीस नीरेला मोकळें करण्यासाठीं तो आपलें जीवन संपवितो. हें ठाऊक असतां पहिलाच प्रसंग पाहावा, म्हणजे बोहल्यावर चढणारा तो मनुष्य निराळा दिसतो. अन्याय अन्यायच राहतो. त्याला क्षमा करा असें दाते यांचा अभिनय कोठेंहि सांगत नाहीं. पण अन्याय करणारा राक्षस नसून चारचौघांत मान असलेला, आपल्या ओळखीचा गृहस्थ असूं शकतो, ही गोष्ट दुसऱ्या वेळीं मनाला जाऊन भिडते, आणि ती पहिल्या संतापापेक्षां अधिक अस्वस्थ करते.

तिसरा बोलपट ‘शेजारी’, १९४१ सालचा. तोहि शांतारामांचाच, आणि लेखन विश्राम बेडेकर यांचें. गांवांतील पाटील आणि मिर्झा हे दोघे जुने मित्र. धरण बांधूं पाहणारा एक धनिक गांवाची एकजूट मोडण्यासाठीं त्या दोघांत वितुष्ट पाडतो, आणि अखेरीस फुटत्या धरणावर दोघे मित्र एकत्रच मृत्यु पावतात. पाटलाचें काम केशवराव दाते यांनीं आणि मिर्झाचें गजानन जागीरदार यांनीं केलें. ‘पडोसी’ ह्या हिंदी आवृत्तींत हिंदु ठाकुराची भूमिका मझहर खान यांनीं केली आणि मिर्झा जागीरदारच राहिले. म्हणजे तेथें मुसलमान नट हिंदु झाला व हिंदु नट मुसलमान.

पहिल्या वेळीं आपण धरण केव्हां फुटतें ह्याची वाट पाहतों, आणि सारा राग त्या धनिकावर काढतों. दुसऱ्या वेळीं लक्षांत येतें कीं, धरण शेवटीं फुटतें, पण भेग फार आधीं पडलेली आहे. धनिकानें ठिणगी टाकली हें खरें. परंतु ती विझविण्यास मित्राच्या अंगणांत जाऊन एक शब्द बोलणें पुरेसें होतें, आणि तो शब्द कोणीं बोलला नाहीं. येथें दुसऱ्या वेळीं दिसणारा माणूस म्हणजे सारा गांव, आणि त्या गांवांत कोठें तरी आपणहि असतों. हें चित्र निघाल्यानंतर सहाच वर्षांनीं देशाची फाळणी झाली. तें ध्यानांत ठेवून तें पाहणें सोपें नाहीं; पण पाहिलें पाहिजे.

आतां थोडें निराळें. पुन्हां पाहावें असें म्हणण्यास तें चित्र शिल्लक तरी हवें! १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या नायट्रेटच्या फितीवर काढीत, ती झटकन पेट घेते आणि नुसती ठेवली तरी कुजते. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा आपल्या देशांतला पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा कांहीं भागच उरला आहे. जुनीं चित्रें जतन करण्यासाठीं १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तरीहि जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून पुष्कळ जुन्या प्रती नष्ट झाल्या. वर सांगितलेलीं तिन्ही चित्रें ह्या साऱ्यांतून वांचलीं, हें आपलें भाग्य. ग्रंथ जसा वाचल्यानें टिकतो, तसें चित्र पाहिल्यानें टिकतें. ज्याला प्रेक्षक नाहीं, त्याची फीत कुजली तरी कोणाला कळत नाहीं.

म्हणून एक सुचवावेंसें वाटतें. ह्यांपैकीं एखादें चित्र एकट्यानें पाहूं नका. घरांतील वडील माणसाला शेजारीं बसवा, नाहीं तर एखाद्या मुलाला. आणि खेळ संपल्यावर, तुला त्यांत कोण दिसलें, एवढेंच विचारा. माझ्या आजीला जें एका खेपेंत दिसलें, तें पाहावयास मला पंचवीस वर्षें लागलीं. आणि तें तिला सांगावें, तर तोंवर ती राहिली नव्हती.