कूपरेज : नोकरदारांच्या फुटबॉलचे मैदान

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून ओव्हल मैदानाच्या कडेने दक्षिणेकडे चालत गेले, की मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर कूपरेज लागते. क्रिकेटवेड्या मुंबईत फुटबॉलने हक्काने राखलेली ही जागा. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे कार्यालयही इथेच आहे.

कूपरेजची कीर्ती झाली ती रोव्हर्स चषकामुळे. 1891 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा अनेक दशके गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने ती मोडली. पुढे 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी चषक नेला. 1958 मध्ये मात्र तो मुंबईतच राहिला. विजेता होता कॅल्टेक्स या तेल कंपनीचा संघ. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारे नेव्हिल डिसूझा याच कॅल्टेक्सकडून खेळत.

कंपनीच्या संघाने चषक जिंकणे हा योगायोग नव्हता. टाटा, मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया, बँका, रेल्वे या सगळ्यांचे संघ मुंबईत होते. चेंडू चांगला खेळवणाऱ्या मुलाला नोकरी मिळे, पगार सुरू होई आणि सरावासाठी सवलतही असे. खेळातून पोट भरण्याची दुसरी वाट नसलेल्या काळात कित्येक घरांच्या चुली या व्यवस्थेने पेटत्या ठेवल्या.

अमेरिकेतही असेच घडले होते. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम गावात 1907 मध्ये सुरू झालेल्या संघाला तिथल्या बेथलेहेम स्टील या बलाढ्य पोलाद कंपनीने आपले नाव आणि बळ दिले. ब्रिटनहून कसलेले खेळाडू आणले, त्यांना कामे दिली, मैदान बांधले. या संघाने 1915 ते 1926 या काळात राष्ट्रीय चषक पाच वेळा जिंकला आणि 1919 मध्ये स्वीडन-डेन्मार्कचा दौरा केला. पण 1930 मध्ये, मंदीच्या सुरुवातीलाच, संघ संपला. पोलादाच्या भट्ट्या मात्र 1995 पर्यंत धगधगत होत्या.

पोलादाच्या व्यापारातूनच उभ्या राहिलेल्या महिंद्र कंपनीचा संघ 1962 मध्ये स्थापन झाला. पुढे 'महिंद्र युनायटेड' या नावाने तो देशभर गाजला. कूपरेज हे त्याचे घरचे मैदान. डेरिक परेरा प्रशिक्षक असताना 2005-06 मध्ये त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या दुसऱ्या कोणत्याही संघाला हा किताब मिळाला नाही. 2007 मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल गेली. 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवले. रोव्हर्स चषक तर त्याआधीच, 2000-01 च्या स्पर्धेनंतर थांबला होता.

बेथलेहेम आणि महिंद्र हे संघ बंद पडण्यात ऐंशी वर्षांचे अंतर आहे, पण दोघांची गत एकच. कंपनी संघ उभा करते, खेळाडूला घर चालवायला पगार देते, हे उपकार मोठे आहेत. पण ज्या संघाचा निर्णय संचालकांच्या खोलीत होतो, तो बंद पडताना प्रेक्षकाला कोणी विचारत नाही. संघ टिकवायचा तर त्याची मुळे वस्तीत, शाळेत आणि सभासदांच्या वर्गणीतही रुजायला हवीत.

कूपरेज आजही जागे आहे. कृत्रिम हिरवळीवर मुंबईच्या स्थानिक साखळीचे सामने रंगतात. बँकांचे, सरकारी खात्यांचे संघ आणि उपनगरांतले क्लब तिथे एकमेकांना भिडतात. युरोपातले सामने रात्र रात्र जागून पाहणाऱ्या मुंबईकरांनी एखादी दुपार या मैदानालाही द्यावी, मुलांना सोबत न्यावे. गॅलरीत माणसे दिसली, तरच नव्या संघांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना टिकून राहण्याचे बळ मिळेल.