तान्ह्या बाळाचा दूरचा विमानप्रवास
मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असल्यामुळे, बाळाला आजी-आजोबांकडे आणणाऱ्या कुटुंबाला जेट लॅग, म्हणजे शरीराचे निद्राचक्र आणि स्थानिक वेळ यांतील विसंगती, सोसावी लागते. हे चक्र मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून चालते आणि मुख्यतः प्रकाशाने जुळते. म्हणून बाळाला दिवसा उजेडात खेळवणे आणि रात्री जाग आल्यास मंद प्रकाशात, फारसे न बोलता दूध पाजणे हाच खरा उपाय होय, झोपेचे औषध नव्हे. विमान उतरताना केबिनमधील दाब वाढतो, तेव्हा दूध गिळताना घसा व मध्यकर्ण जोडणारी नलिका उघडून कानदुखी कमी होते. हे जाणणारा सहप्रवासी रडणाऱ्या बाळाच्या आईवर रागावणार नाही.