गणितातून खनिज वगळताना



जुन्या ग्रंथाचा संपादक प्रक्षिप्त वाटणारी ओवी वगळतो. परंतु वगळल्याची नोंद आणि तिचे कारण तळटीपेत देतो. आयुष्यभर पाठचिकित्सा शिकविलेल्या माझ्यासारख्याला विज्ञानातही असेच वगळणे आढळले, तेव्हा कुतूहल वाटले. त्याचाच हा अल्प परिचय.

विहिरीच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण संगणकाला दिले असता, त्या पाण्यातून कोणती खनिजे साक्यावर बसू शकतील हे भूरसायनाच्या आज्ञावली सांगतात. हे गणित समतोलाचे असते. त्यात काळाला स्थान नसते. निसर्ग मात्र काळाच्या अधीन आहे.

निपाणी परिसरातील काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, उदाहरण घेऊ. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळते. समजा, लिटरमागे ती ५० मिलिग्रॅम आहे. २५ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीच्या खनिजाची, विद्राव्यता सुमारे ११ मिलिग्रॅमच आहे. तेव्हा गणित म्हणते, उरलेली सिलिका क्वार्ट्झरूपाने बाहेर पडली पाहिजे. प्रत्यक्षात एवढ्या थंड पाण्यात क्वार्ट्झ अतिशय मंदगतीने घडतो आणि सिलिका पाण्यातच राहते. म्हणून अभ्यासक क्वार्ट्झला गणितातून वगळतात. न वगळल्यास पाण्यातील सिलिका कागदोपत्री घटते, आणि काळ्या मातीतील स्मेक्टाइटऐवजी जांभ्या प्रदेशातील केओलिनाइटकडे उत्तराचा कल जातो. शेतात काळी माती आणि कागदावर जांभ्याची, असा विपरीत प्रकार घडतो!

डोलोमाइटची कथाही अशीच. अमेरिकन भूशास्त्रज्ञ लिंटन लँड यांनी १९९८ साली आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : हजारपट अतिसंपृक्त द्रावण २५ अंशांवर ३२ वर्षे ठेवूनही डोलोमाइट अवतरले नाही.

मात्र हे स्वातंत्र्य जोखमीचे आहे. उत्तर मोजमापाशी जुळत नाही एवढ्याच कारणाने एकेक खनिज वगळत गेल्यास हवे ते उत्तर मिळविता येते. मग ते शास्त्र राहत नाही. वगळण्याला स्वतंत्र आधार हवा : तापमान, अभिक्रियेचा वेग, किंवा त्या खडकात ते खनिज नव्याने बनल्याचा पुरावा नसणे. शिवाय जे थंड विहिरीत वगळले, ते खोल, उष्ण पाण्यात वगळता येत नाही. तेथे क्वार्ट्झ समतोल गाठू शकतो.

विहिरीच्या पाण्याविषयीचा अहवाल ज्या गावाच्या हाती पडतो, त्याला आकड्यांमागचे हे निर्णय दिसत नाहीत. म्हणून काय वगळले व का, हे अहवालातच लिहिलेले असावे. पोथी असो वा पाणी, तळटीप हा वाचकाचा हक्क आहे.